वेस्ट विंडसरमधली स्कॉटिश गढी

माझा धाकटा भाऊ देवदत्त चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि दर दिवाळीला मातीत खेळतो. चौतीस वर्षं त्याने न्यू जर्सीतले पूल तपासायची नोकरी केली. आता रिटायर झालाय, पण ऑक्टोबर आला की गॅरेजमधली गाडी बाहेर आणि माती आत. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत मुलांसाठी किल्ला करायचा मान एकवीस वर्षं त्याचाच. दर वर्षी प्रतापगड. मुलं येतात, अर्धा मिनिट बघतात आणि समोशांकडे पळतात. त्याला ते लागायचं. बोलून दाखवायचा नाही, पण मला डोळे आहेत.

गेल्या उन्हाळ्यात त्याची मुलगी नेत्रा त्याला स्कॉटलंडला घेऊन गेली. लोक तिथे तळी बघतात. हा शेतात मेंढ्यांमध्ये उभी असलेली एक बिनछपराची दगडी इमारत तीन दिवस टेपने मोजत बसला. वही भरून परत आला.

"ताई, किल्ला नाही गं तो. आपल्याकडे देशमुखांची गढी असते ना, तशी. फक्त उभी. खोलीवर खोली, चार मजले."

साडेचारशे वर्षांपूर्वीचा कुणी बेताचा जमीनदार. शेजारचे त्याची गुरं पळवायचे, हाही त्यांची पळवायचा. म्हणून सहा फूट जाड भिंती आणि दार एकच, त्यालाही आतून लोखंडी जाळी. तळमजल्यावर धान्य आणि गुरं; खिडकी नाही, वर दगडी कमानीचं छत, म्हणजे खालची आग वर जाऊ नये. त्यावर दिवाणखाना, त्यात माणूस उभा राहील एवढी शेकोटी. जिना भिंतीच्या पोटातून गोल फिरत जाणारा, एका वेळी एकच माणूस चढेल असा. पुढे शांतता आली तसा मालकाला ऐसपैस घर हवंसं झालं आणि तो मोठ्या खिडक्यांच्या बंगल्यात गेला. छपराची लाकडं काढून नेली, पाऊस आत शिरला, मग आसपासच्यांनी दगड नेऊन शेतांना कुंपणं घातली.

"शत्रूने नाही पाडली, ताई. शेजाऱ्यांनी नेली!" हे तो मला तीनदा सांगून गेला. तिसऱ्यांदा मी चहा दिला नाही.

यंदा हीच गढी करायची असं त्याने ठरवलं. मंडळाची अध्यक्ष नीलांबरी पुण्याची, आयटीतली. कामाची आहे, पण सतत घाईत.

"काका, थीम किल्ल्यांची आहे. महाराज कुठे बसवणार? मेंढ्यांत?"

"महाराजांना दुसऱ्याच्या घरात कशाला बसवू? त्यांचं आसन वेगळं, मानाचं."

"बरं. पण शनिवारी दहाला टेबलावर तयार हवी. आपल्या कमिटीतल्या सिद्धेशने ऑनलाइन थर्माकोलचा प्रतापगड मागवलाय. तो मी कॅन्सल केलेला नाही."

थर्माकोल! देवदत्त दोन दिवस धड जेवला नाही.

मग कामाला लागला. फळीवर अडीच फुटी गढी, माती आणि विटांच्या कपच्यांची. आतली कमान, शेकोटी, आइस्क्रीमच्या काड्यांचा बेचाळीस पायऱ्यांचा जिना, सगळं मापात.

"अरे, चारी बाजूंनी भिंती. आतलं बघणार कोण?"

"पण आहे ना तिथे," तो म्हणाला.

आणि मग त्याने घोळ घातला. किल्ल्यावर अळीव पेरायचे आणि पाणी शिंपडायचं, हे हातात बसलेलं. याने गढीच्या माथ्यावर अळीव पेरले आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. डोंगराचा उतार पाणी पिऊन घेतो. सरळसोट भिंत कुठे घेणार? शनिवारी सकाळी सात वाजता फोन आला. "ताई, ये."

दर्शनी भिंत वरपासून खालपर्यंत उतरून फळीवर पसरली होती. देवदत्त स्टुलावर बसलेला.

"चौतीस वर्षं लोकांना सांगितलं, आधी पाण्याचा निचरा बघा. नीलांबरीला फोन कर. थर्माकोल लाव म्हणावं."

"तुझा तू कर," मी म्हटलं आणि वाकून बघितलं. कमान दिसत होती. शेकोटी दिसत होती. जिना गोल फिरत चौथ्या मजल्याला पोचलेला. "गाढवा, ती तिकडची तरी धड उभी आहे का? आणि इतके दिवस मला जे तोंडाने सांगतोस, ते आज पहिल्यांदा कळलं."

तो उठला, चष्मा पुसला, वाकला. मग म्हणाला, "पावाची सुरी आण."

तासाभरात त्याने तुटकी कड सरळ कापून काढली. पडलेल्या कपच्यांची शेतभर कुंपणं घातली. शेजारच्या दोघांना बोलावून चौघांनी फळी मिनीव्हॅनमध्ये चढवली. दहाला पाच कमी असताना गढी मंडळाच्या हॉलमध्ये टेबलाजवळ पोचली. सिद्धेश थर्माकोलचं खोकं उघडत होता. नीलांबरीने कमरेवर हात ठेवले.

"काका, ही तर पडलीय!"

तिच्या मागून तिची मुलगी अनिका पुढे घुसली. "व्हेअर इज द बाथरूम?"

देवदत्त गुडघ्यांवर बसला. भिंतीतला उभा बोळ बोटाने दाखवला, वरून थेट बाहेर, खाली.

"ईऽऽव! अथर्व, कम सी धिस!"

अथर्व आला, वेद आला, मग रांगच लागली. आगीत वर कसं पळायचं, गाय जिना चढते का, शत्रू जाड असला तर? देवदत्त प्रत्येकाला उत्तर देत होता, मराठीतून, आणि पोरं ऐकत होती. समोसे गार झाले. सिद्धेशने खोकं पुन्हा चिकटपट्टीने बंद केलं.

बारा वाजता नीलांबरी जेवायला बोलवायला आली. एकही मूल हललं नाही. मग ती स्वतःच खाली बसली.

"काका, पुढच्या वर्षी प्रतापगडही असाच कापाल का?"

"बघू. आधी हात दे," देवदत्त म्हणाला. "दोन तास झाले, गुडघे उठत नाहीत."