मोटारीला पाजलेली पेज

आमच्या घराण्यात बैलगाडीनं लग्नाला निघालेला माणूस आजवर कधी उशिरा पोचलेला नाही. मोटारीनं निघालेला एकच माणूस झाला, तो मी.

ही गोष्ट पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. मी तेव्हा मूल गावी एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि लाल औषधात पाणी घालायचं, एवढंच काम. (पाण्याचं कुणाला सांगू नका.) पण माझा जीव त्या बाटल्यांत नव्हता. तो होता जुन्या मोटारींत! त्या काळी चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात लढाईच्या आधीच्या विलायती मोटारी कुठं कुठं पडून असायच्या. कुणा जमीनदाराच्या गोठ्यात, लाकडाच्या ठेकेदाराच्या वखारीत, जंगलसाहेबाच्या बंगल्यामागं. लोक त्यांना भंगार म्हणायचे. मला मात्र अशी एखादी दिसली की हात शिवशिवायचे, रात्री झोप यायची नाही आणि दुसऱ्या दिवशी खोकल्याच्या पेशंटला मी जुलाबाचं औषध द्यायचो.

शेवटी चांद्याच्या एका रिटायर जंगलसाहेबाची गाडी मिळाली. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. साहेबाला ती जागा म्हशीसाठी पाहिजे होती, म्हणून त्यानं गाडी जवळजवळ फुकटातच दिली. वर कोंबड्या हुसकायला मदतही केली! काळी, लांब नाकाची, दोन्ही अंगाला पायदान आणि रबरी फुग्याचा भोंगा. मी ती चालवत मूलला आणली. (थोडी ढकलत. पण थोडीच.)

आमच्या कमलानं, म्हणजे बायकोनं, दारातूनच विचारलं, "अजी, हे काय आणलं?"

"मोटार."

"ते दिसून राह्यलं मले. कायले आणली?"

मी भोंगा वाजवला.

उत्तर मिळालं वैशाखात. कुरखेड्याला माझ्या थोरल्या बहिणीच्या, आम्ही जिला बाई म्हणतो तिच्या मुलीचं, शांताचं, लग्न निघालं. आता मामाशिवाय लग्न लागत नाही हे मी तुम्हाला सांगायला नको. मामानं हाताला धरून आणल्याशिवाय नवरी मांडवात पाय ठेवत नाही, आणि अंतरपाटाशी मामा मागं उभा राहिल्याशिवाय भटजी तोंड उघडत नाहीत. शांताला मामा एकच. मीच! बाईनं पत्र धाडलं, 'गोरज मुहूर्त आहे. आदल्या दिवशीच्या सर्व्हिस बसनं ये. तुझ्याशिवाय पोरगी उभी राहणार नाही.' मी उलट टपाली कळवलं, 'सर्व्हिस कशाला? मोटारीनं येतो. शांताची वरातही मोटारीतूनच काढू!'

बाईचं दुसरं पत्र आलं. त्यात एकच ओळ होती. 'बसनं ये रे बाबा.'

पण ऐकेल तो मी कसला! लग्नाच्याच दिवशी पहाटे आम्ही निघालो. पुढं मी आणि शेजारचे धोंडूकाका, मागं कमला, तिच्या मांडीवर शांताच्या ओटीचे वासाचे चिन्नोर तांदूळ आणि पायाशी पेजेचं मडकं. काका राईस मिलच्या बॉयलरवर कामाला होते, त्यामुळं आग, पाणी आणि वाफ यांतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची समजूत होती. (माझीही होती. तिथंच घात झाला.) सावली गेली, व्याहाड गेलं, मोटार झोकात पळत होती. मी वळणावर भोंगा वाजवायचो आणि वळण नसलं तरी वाजवायचो.

वैनगंगेवर तेव्हा पूल नव्हता. उन्हाळ्यात वाळूवर बांबूचे तट्टे अंथरून रस्ता करायचे. बैलगाड्या त्यावरून खुशाल जात होत्या. आमची मोटार बरोबर मध्यावर तट्ट्यावरून घसरली आणि चाकं वाळूत रुतली. दहा-बारा माणसांनी ढकलून ती पैलतीराला काढली, पण तोवर तिचं डोकं तापलं होतं. पुढच्या जाळीमागं रेडिएटर असतो, इंजिन थंड ठेवायची पाण्याची टाकी. तिला कुठंतरी चीर गेली आणि पाणी टपटप गळायला लागलं.

विहीर दिसली की पाणी भर, अर्धा कोस गेलं की पुन्हा भर, असं करत गडचिरोली गाठेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मी सारखा घड्याळ बघत होतो, उतरत होतो, टाकीत डोकावत होतो, पुन्हा बसत होतो.

"अजी, एका जागी बसा ना जरा!" कमला म्हणाली.

"अगं, मुहूर्त जाऊन राह्यला!"

"मुहूर्त तिथीच हाय. आपणच जाऊन नाई राह्यलो."

तेव्हा काकांना सुचलं. "वसंता, मिलच्या बॉयलरले फट पडली तं आमी काय करतो?"

"काय करता?"

"आत कोंडा टाकतो. कोंडा जाते फटीत, फुगते, अन् फट बंद! कोंडा नसन तं पेज टाक. पेज काय कमी चिकट असते?"

मी थक्क झालो. इतकी सोपी गोष्ट! कमला "अजी, ते आपलं खायचं हाय" म्हणेपर्यंत मडक्यातली अर्धी पेज मी टाकीत ओतली होती. आणि काय सांगू? गळती थांबली! टपटप बंद! मोटार अशी पळायला लागली की आरमोरी कधी आली कळलं नाही. काकांनी मिशीला पीळ दिला. मी काकांना रस्त्यातच नमस्कार केला.

इथं थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो आणि ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण आरमोरीच्या पुढं एक थेंब गळला. एकच! आणि माझ्या आतला कंपाउंडर जागा झाला. औषधानं गुण दिला असेल तर डोस वाढवायचा, हे आमचं शास्त्र. पातळ पेजेनं इतका गुण, तर सबंध तांदळानं किती येईल? मी कमलाच्या मांडीवरची पिशवी ओढली.

"अगो बाई! शांताच्या ओटीचे तांदूळ हायेत ते!"

"दोन ओंजळीच घेतो."

"काका, तुमी तरी सांगा यायले!"

काकांनी पिशवीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "तीन टाक."

तीन टाकल्या. आता ज्या माणसाचा जन्म धानाच्या मुलखात गेला, ज्याला दोन्ही वेळा भाताशिवाय जेवण ठाऊक नाही, त्याला तांदूळ, पाणी आणि विस्तव एकत्र आल्यावर काय होतं हे कळू नये? नाही कळलं! अर्ध्या तासानं जंगलात मोटार गुरगुरायला लागली. मग टाकीच्या झाकणातून वाफ यायला लागली. वाफेला काय वास म्हणता! चिन्नोरचा तो घमघमाट साऱ्या रानात सुटला. भूक लागली हो मला त्या संकटात!

मोटार दोन आचके देऊन थांबली. मी ओल्या पंच्यानं झाकण धरलं आणि फिरवलं.

झाकण सागाच्या शेंड्यावरून पलीकडं गेलं. मागोमाग भात! उकळता, फुललेला, मोकळा भात कारंज्यासारखा वर उडाला आणि माझ्या डोक्यावर, टोपीवर, काचेवर, काकांच्या मिशीवर पडला. मी नाचत होतो, कमला ओरडत होती. काकांनी मिशीवरचं शीत बोटानं काढून तोंडात टाकलं.

"शिजला बरोब्बर," ते म्हणाले. "मीठ पायजे होतं."

रेडिएटरच्या साऱ्या नळ्या भातानं गच्च भरल्या होत्या. मी सायकलची तार घातली, बांबूची काडी घातली, शेवटी बोट घातलं. (ते बोट आजही पुरतं वाकत नाही.) एवढ्यात मागून धुरळा उडवत सर्व्हिसची बस आली आणि आमच्याजवळ थांबली. ड्रायव्हर तुळशीराम, आमच्या मूलचाच. त्यानं खिडकीतून मान काढली.

"काय झालं कंपाउंडर भाऊ?"

"काही नाही. जरा गरम झाली."

"चला ना मंग, बसा. कुरखेड्यालेच जाऊन राह्यलो. मुक्काम तिथीच हाय माहा."

बसमधली सगळी डोकी खिडक्यांतून माझ्याकडं बघत होती. आणि मी, खोटं कशाला सांगू, नुसत्या ऐटीपायी म्हणालो, "तू हो पुढं तुळशीराम. मी पाच मिनिटांत तुला मागं टाकतो!"

कमलानं माझ्याकडं पाहिलं. मोटारीकडं पाहिलं. उरलेली तांदळाची पिशवी उचलली, लुगड्याचा पदर खोचला आणि बसमध्ये जाऊन बसली.

"अगं, तू कुठं?"

"लग्नाले," ती म्हणाली. "तुमचा भात झाला की या."

बस गेली. आता मात्र मला मुहूर्त आठवला. पोरीला मामा एकच, आणि तो जंगलात भाताच्या नळ्या खरवडत बसलेला! मी रस्त्यावर पन्नास पावलं पुढं धावलो, पुन्हा मागं आलो.

"काका, पायी जाऊ का?"

"जा ना."

"मग मोटारीचं काय?"

"राहू दे. कोण नेते तिले?"

हेच मला सोसवलं नाही. कोण नेते म्हणजे काय! इतक्या देखण्या मोटारीला चोरसुद्धा भेटू नये? तेवढ्यात बांबूची रिकामी गाडी घेऊन एक गाडीवान आला. म्हणाला, "तुमाले कुरखेड्याले नेऊन सोडतो. बैल ताजे हायेत, मुहूर्ताच्या आत पोचतो." शहाण्या माणसानं उडी मारून गाडीत बसावं की नाही? मी म्हणालो, "मला नको. मोटारीला न्या!"

मग काय! बैल गाडीपासून सोडून मोटारीला जुंपले. ताज्या बैलांचे थकलेले बैल व्हायला एक मैल पुरला. गाडीवान पुढं चालत होता, काका मागून ढकलत होते, मी आत बसून चाक फिरवत होतो. घाई व्हावी म्हणून मी एकदा भोंगा वाजवला, तर बैल बिथरून आम्हाला मोहाच्या झाडाखाली घेऊन गेले आणि तिथून हलेनात. सूर्य झाडांच्या मागं उतरत होता. गावात शिरताना गुरं परतून गोठ्यात बांधलीसुद्धा गेली होती आणि वाजंत्री वाजत होती. लग्न लागल्यावर वाजते ती.

मी तसाच मांडवात धावलो. शांता नवऱ्याशेजारी उभी होती, गळ्यात हार. आणि तिच्या मागं मामाच्या जागी, नवं धोतर, कपाळभर कुंकू, हातात नारळ घेऊन, घामाघूम होऊन उभा होता तुळशीराम ड्रायव्हर!

मागाहून कळलं ते असं. मुहूर्ताची वेळ झाली, भटजी "मामा कुठी हाय? मामा!" म्हणून ओरडायला लागले, शांता आत रडायला लागली, बाईनं कपाळाला हात लावला. तेव्हा कमला उठली आणि थेट बसकडं गेली. तुळशीराम मुक्कामाला लावलेल्या बसच्या चाकांना वंगण घालत होता.

"तुळशीरामभाऊ, तुमी मूलचे ना?"

"हो बाई."

"माह्या नणदेचं माहेर मूल. माहेरच्या गावचा माणूस बाईले भाऊ लागते का नाई?"

"लागते तं."

"मंग भाचीचं लगन हाय. हात धुवा अन् चला."

आमच्याकडं या हिशोबाला कुणाची हरकत नसते. भटजींचीही नव्हती.

मला फार वाईट वाटलं. कडेवर घेऊन मंडईची जत्रा दाखवलेली पोर, आणि तिचा हात धरायच्या वेळी मी एका मोटारीचा हात सोडला नाही! बाईनं मला पाहिलं आणि भर मांडवात म्हणाली, "तुले मोटारच प्यारी हाय न, तं जा, तिचंच लगन लाव!" मी मान खाली घातली. शांता मात्र वाकून पाया पडली आणि रडता रडता हसायला लागली.

"मामा," ती हळूच म्हणाली, "तुमच्या कानात भात हाय."

दुसऱ्या दिवशी वरात बैलगाडीनं निघाली आणि वेळेवर पोचली. मोटार बाईच्या गोठ्यात राहिली. आम्ही परतीला तुळशीरामच्याच बसमध्ये बसलो, मी अगदी मागं, तोंड खिडकीकडं करून. कंडक्टर माझ्यापाशी येऊन तिकीट फाडणार, तोच तुळशीरामनं पुढून हाक दिली, "अबे, त्यायले तिकीट नको मागू! माह्या भाचीच्या लग्नाचे पाव्हणे हायेत ते!"

सारी बस वळून माझ्याकडं बघायला लागली. त्याचं खरंच होतं. पाहुणाच होतो. तोही असा, की लग्न लागून गेल्यावर आलेला!