सुभेदाराच्या वहीतली कोरी ओळ

सुनंदाचा फोन जतहून आला तेव्हा मी मेढ्याच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो. "गुरुजीकाका, आप्पा गेले… चहा घेतला, खुर्चीत टेकले, आणि झालं." जुडी तिथंच ठेवून मी स्टँडकडं निघालो. वाटेत रडू आलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. माझा बालमित्र सुभेदार गेला तो लेकीच्या घरी गेला. ज्या घराची पायरी चढणार नाही म्हणून त्यानं दहा वर्षं हट्ट धरला, त्याच घरात त्यानं शेवटचा चहा घेतला. आता महिना उलटलाय, म्हणून लिहायला बसलोय.

सुभेदाराला नाव होतं, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर. गावात तो सुभेदारच. नोकरीत त्याला एक छंद जडला. नवा माणूस पलटणीत आला की तो पहिला प्रश्न विचारायचा, "तुझ्या आज्याला काय म्हणतोस रं?" घरापासून लांब आलेलं पोरगं हा शब्द उच्चारताना हटकून हसतं, असा त्याचा अनुभव. मग तो शब्द वहीत चढायचा. वहीत तीन रकाने होते : भाषा, शब्द, आणि सांगणाऱ्याचा हुद्दा. निवृत्त होऊन आला तेव्हा ट्रंकेत पदकांच्या वर ती वही होती.

संध्याकाळी पारावर आमची शिकवणी चालायची. शब्द तो आणायचा, कूळ मी सांगायचो. शाळेत मराठी शिकवण्यात माझा जन्म गेला, तेवढी मिजास मला आहे. आपल्याकडं दादा म्हणजे थोरला भाऊ, हिंदीवाल्यांचा दादा म्हणजे बापाचा बाप. तेलुगू जवानाचा आजा 'तात', तमिळ जवानाचा 'तात्ता', आणि आपल्या आळीआळीत एकेक तात्या. मी म्हणायचो, लेकराच्या तोंडून पहिल्यांदा निघतं ते दा-दा, ता-ता, ना-ना. समोर जो म्हातारा दिसेल त्याला ते चिकटतं. मिझो जवानानं सांगितलं, आमच्यात 'पू' म्हणजे आजा, आणि कुठल्याही मोठ्या माणसाच्या नावाआधीही मानानं 'पू' लावतात. पण सुभेदाराचा लाडका शब्द नेपाळी, हजुरबा. "बघ मास्तर, आजा असावा तर असा. आधी हजूर, मग बा!" असं म्हणून तो मिशीला पीळ द्यायचा.

त्या वहीत एक ओळ मात्र कोरी होती. पहिल्या रकान्यात 'कन्नड' लिहिलेलं, पुढं काही नाही. त्याच्या पलटणीत कानडी जवान होते. शब्द त्याला ठाऊक नव्हता असं कुणी म्हटलं तर मी मानणार नाही. सुनंदानं जतच्या मुलाशी, बापाला न विचारता लग्न केलं होतं. त्या मुलाच्या घरात कानडी बोलणारी, मेंढरं राखणारी माणसं. जावई चांगला, कष्टाळू. तिथं मुलगी झाली, भाग्या. ती बोलायला लागली, शाळेत जायला लागली, आणि इकडं जगभरचे आजे गोळा करणाऱ्या या माणसाला आजा म्हणून हाक मारणारं कुणी नव्हतं! बायको आधीच गेलेली, दुसरं मूलबाळ नाही. दोन वेळा मी समजावायला गेलो. "लय शिकवू नगंस मला," म्हणून त्यानं मला उठवून लावलं.

शेवटी दोन वर्षांपूर्वी माझंच डोकं फिरलं. पारावर वही उघडून मी त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं. म्हटलं, "सुभेदार, ही ओळ भरायची हिंमत न्हाई तुझ्यात. ऐक. आपला आजा आला संस्कृत आर्यकावरनं. आर्य म्हणजे मान द्यावा असा माणूस. प्राकृतात त्याचा अज्ज झाला. आणि कानड्यांचा अज्जाबी त्याच कुळातला, असं जाणकार मानतात. शब्दांनी कवाच सोयरीक केलीया. तूच तेवढा मांडवाबाहेर रुसून बसलायस."

त्यानं वही मिटली आणि उठून गेला. मला वाटलं, मैत्री संपली. दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात उभा, कोट घातलेला, पलटणीची हिरवी टोपी डोक्यावर. "जतला यष्टी कवा हाय रं?"

सांगलीत गाडी बदलून आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. सुनंदा दारात आली आणि तोंडाला पदर लावून तशीच उभी राहिली. सुभेदारानं सवयीनं उंबऱ्यात टोपी काढली, आत पाऊल टाकलं. भिंतीवर त्याचाच गणवेशातला फोटो होता. सुनंदानं लग्नात माहेरचं म्हणून तेवढाच नेलेला. शाळेला जाताना त्या फोटोला सलाम करायची सवय तिनं लेकीला लावली होती. भाग्यानं फोटोकडं बघितलं, याच्याकडं बघितलं, टाचा जुळवल्या आणि ठोकला कडक सलाम. "जय हिंद, अज्जा!"

सुभेदार थिजला. हात अर्धा वर गेला आणि थांबला. तो वळला आणि सरळ बाहेर गेला. सुनंदाच्या तोंडचं पाणी पळालं. "आप्पा, आवं जाऊ नका…" पण मला फौजेचा नियम ठाऊक होता : डोक्यावर टोपी नसेल तर सलाम करायचा नाही. अंगणात उभं राहून त्यानं टोपी चढवली, दोन्ही हातांनी नीट बसवली, आत आला आणि नातीला सलाम दिला. हात खाली यायला बराच वेळ लागला. मग तो मटकन खाली बसला आणि लेकीचं डोकं मांडीवर घेऊन रडला.

त्यानंतर महिन्यातनं दोनदा जत ठरलेलं. पारावर वही आणणं त्यानं बंद केलं. मी विचारलं की म्हणायचा, "कामं वाढल्यात गड्या."

तेराव्याला सुनंदानं ती वही माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुमचीबी हाय ही निम्मी." परतीच्या गाडीत मी ती उघडली. जवान, नायक, हवालदार असे हुद्दे एकाखाली एक उतरत गेलेले. कन्नडची ओळ भरलेली होती. शब्द : अज्जा. तिसऱ्या रकान्यात त्यानं आधी 'नात' लिहिलं होतं. मग ते खोडून, शेजारी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'हजूर'.