काच निवण्याआधी

आमच्या बाबांना गल्लीत सगळे 'भिंगवाले' म्हणत. दुर्बिणीच्या तोंडाशी बसणारं भिंग ते हाताने घडवायचे. त्यात दोन काचा असतात, एक फुगीर आणि एक खोलगट. एकटी असली की कुठलीही काच ताऱ्याभोवती जांभळी झालर लावते. दोघी जोडीने बसल्या की झालर गायब.

"नवराबायकोसारखं," बाबा गिऱ्हाइकाला समजावत.

"भावाबहिणीसारखं म्हण," आतून आत्या दुरुस्ती करी. "नवराबायकोत झालर वाढते."

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मागच्या खोलीत, जिथे धूळ उडू नये म्हणून पंखासुद्धा लावलेला नव्हता, तिथे ती राळेच्या गादीवर लाल पावडर टाकून काच घासायची. हात पुढे, हात मागे, मग टेबलाभोवती एक पाऊल. बाबा तपासायचे. समोर इवलासा दिवा, डोळ्यापाशी ब्लेडची धार, आणि काचेवर उमटणारी सावली. केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी टेकडीसुद्धा त्या सावलीत दिसते.

कायदा मात्र एकच होता. घासलेली काच तापते, तापलेली काच फुगते आणि फुगलेली काच खोटं बोलते. म्हणून तीन तास थांबायचं. "निवल्याशिवाय निवाडा नाही!" बाबा बजावायचे, उतावळ्या गिऱ्हाइकालाही आणि चिडलेल्या आईलाही. माझं एक प्रगतिपुस्तक मी याच कायद्याखाली दोन दिवस लपवलं होतं.

स्वतः बाबांनी तो एकदाच मोडला.

एका शाळेच्या मास्तरांनी दोन वर्षं वाट पाहिली होती आणि त्या संध्याकाळी ते दुर्बीण न्यायला येणार होते. दुपारी आत्याने खोलगट काचेवर शेवटचा हात फिरवला. बाबांनी ती तशीच उचलून दिव्यासमोर लावली.

"हे काय? मधोमध टेकडी!"

"दादा, आत्ता उतरवलीय. निवू दे की."

"मला शिकवतेस? घाईचा झालाय हात तुझा. लक्ष कुठे असतं?"

"माझं काचेवर आहे. तुझं घड्याळावर."

हे खरं होतं, म्हणूनच झोंबलं. "एवढं कळतंय तर स्वतःचं दुकान टाक ना!"

आत्याने हात धुतले. नखांतली लाल पावडर निघेपर्यंत, सावकाश. पिशवी खांद्याला लावली आणि 'येते' म्हणायच्या जागी 'जाते' म्हणाली.

बाबांनी अंगठ्याने घासून टेकडी उतरवली. तीन तासांनी काच निवली, तेव्हा त्या जागी खड्डा होता. म्हणजे टेकडी नव्हतीच. आत्याची काच बिनचूक होती.

मास्तर रिकाम्या हाताने परतले. खड्डा काढायला अख्खी काच पुन्हा घासावी लागली, चार महिने. काच सावरली. पण आत्याकडे जाऊन 'चूक माझी' एवढे दोन शब्द बोलायला बाबांची जीभ वळेना. "जरा निवू दे तिला," म्हणत राहिले.

"निवता निवता बर्फ होईल हो," आई म्हणायची.

सोळा वर्षं गेली. आत्या चौकातल्या चष्म्याच्या दुकानात लागली, पुढे ते तिचंच झालं. आजारपणात, अडीअडचणीला भाऊबहीण भेटायचे, हवापाण्याचं बोलायचे. मग गेल्या वर्षी बाबांना सावलीची कड फिसकटलेली दिसू लागली. एक काच टेबलावर अर्धवट पडून राहिली. "चष्मा करून घेतो," ते म्हणाले, आणि आत्याच्या दुकानाकडे निघाले. मी सोबत होते.

आत्याने त्यांना खुर्चीत बसवलं, तपासायची जड फ्रेम नाकावर चढवली आणि एकेक काच सरकवू लागली.

"हनुवटी वर. हे बरं, की हे?"

"पहिलं."

"आता? हे, की हे?"

"त्या दिवशी टेकडी नव्हती."

आत्याचा हात काचांच्या पेटीवर थबकला. मी भिंतीवरची अक्षरं वाचत राहिले.

"मान हलवू नकोस, दादा. हे, की हे?"

"काच गरम होती. खड्डा मी पाडला. तुझं बरोबर होतं."

"माहितीय मला."

"कधीपासून?"

"त्याच दुपारपासून. हाताला कळतं ना. घरासमोरच्या बसथांब्यावर तीन तास बसले होते मी. म्हटलं, काच निवली की हाक मारेल."

बाबांनी फ्रेम काढायला हात वर केला. आत्याने तो धरून खाली ठेवला. "रडून घे आधी. ओल्या डोळ्यांचा नंबर चुकतो."

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "एक काच अर्धी राहिलीय. येशील?"

आत्याने स्वतःची बोटं बघितली. "काच घासायचं काम मशीन करतं रे इथे. मी नुसती फ्रेममध्ये बसवते. या बोटांना आता टेकडी नाही कळत, खड्डाही नाही."

"पुन्हा शिकतील."

"पहिल्यांदा दहा वर्षं लागली होती, दादा. तेव्हा मी विशीत होते."

तिने चिठ्ठीवर नंबर लिहिला आणि त्यांच्या हातात दिला. "परवा मिळेल चष्मा. पेपर वाचशील याने. ती सावली मात्र नाही दिसायची."