ती शांत नाहीये

सिमरोलच्या कॅम्पसमध्ये आम्ही कॉम्प्युटरला सिनेमा समजायला शिकवतो. म्हणजे मी दृश्यं बघते आणि प्रत्येकावर भावनेचं लेबल लावते: आनंद, भीती, राग. त्यावरून मशीन शिकतं.

परवा एका जुन्या सिनेमातलं जेवणाचं दृश्य आलं. बाई नवऱ्याला पोळी वाढते, तो "पुरे" म्हणतो आणि ती पोळ्यांचा डबा बंद करून आत जाते. मशीननं सांगितलं, शांत. मी "राग" लिहिलं.

आमचे टीमलीड वैतागले. "मॅडमजी, चेहरा तो देखो! कहाँ का गुस्सा? लेबल बदल दो."

"नाही बदलणार," मी म्हटलं. "आमच्या घरी 'पुरे' म्हटल्यावरच खरं वाढणं सुरू होतं. आई एका 'पुरे'वर थांबली की बाबांचा घास घशात अडकायचा. चेहऱ्याचं काय घेऊन बसलात?"

"पर मशीन को ये कैसे दिखेगा?"

"त्याला दिसत नाही म्हणून मीही डोळे मिटू?"

ते हसले. "प्रूफ क्या है?"

"रविवारी घरी जेवायला या. अगदी हसऱ्या चेहऱ्यानं वाढीन," मी म्हटलं. "आणि तुम्ही पहिल्यांदा 'बस' म्हणालात की डबा बंद करीन."