दुपारी जेवायला येणारे दोघे

शुक्रवार पेठेतल्या घरात आम्ही चौघं राहतो. आई, वडील, बायको आणि मी. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात, बायको बँकेत. सकाळी नऊला बाहेर पडलो की परतायला सात वाजतात. मग जेवण, मोबाइल, झोप. मागच्या वर्षी वडील घसरून पडले, म्हणून त्यांना सांगून स्वयंपाकघरात कॅमेरा बसवला.

पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पाहिलं. आईनं चार ताटं वाढली होती. जेवायला ती आणि वडील, दोघंच.

"घे की अजून अर्धी भाकरी," ती रिकाम्या जागेकडे बघून म्हणाली आणि थांबली. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत माणूस थांबतो, तेवढीच. मग वडील हसले. आईनं माझ्या बायकोला नावानं हाक मारून चटणी पुढं सरकवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न कळवता घरी गेलो. आईनं दारात मला बघितलं आणि गोंधळली.

"परत आलास? आत्ताच तर हात धुवायला गेलास."

आत न्हाणीघरात नळ वाहत होता. मी जाऊन बंद केला. फरशीवर पाणी होतं, माणूस कुणी नव्हतं. परत आलो तर वडील शांतपणे जेवत होते.

"अण्णा, आईला काय होतंय?"

"काही होत नाही," ते म्हणाले. "ती दोघं रोज येतात. बसतात, बोलतात. तुम्ही रात्री असता घरात, पण बोलता कुठं?"

वडिलांना हे अगदी साधं वाटत होतं.

डॉक्टरांना आईवडिलांत काही दोष सापडला नाही. बायकोनं मॅनेजरला विनंती करून जेवणाच्या सुट्टीत घरी यायला सुरुवात केली. बँक जवळच आहे. मीही आठवड्यातून दोनदा येऊ लागलो. महिनाभरात जितकी माणसं, तितकीच ताटं लागू लागली. मी कॅमेरा काढून टाकला.

परवा आम्ही चौघं जेवत होतो. आई बायकोकडे बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ती दोघं आता येत नाहीत. तुम्ही काही बोललात का त्यांना?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "नाही, आई," ती म्हणाली.

"मग ठीक आहे," आई म्हणाली. पण त्या दिवशी ती नीट जेवली नाही.