दत्ताचं 'वेल ऑफ'

नारायणगावात कापडदुकानाच्या माळ्यावर आमचं वधू-वर सूचक केंद्र आहे. इथं लग्नं कमी जमतात, किस्सेच जास्त! पण खोडदच्या दत्ताच्या बायोडाटानं जो कहर केला, त्याला तोड नाही.

केंद्र चालवतात शांतिलालशेठ. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आले. शेठ मराठीत आमच्याहून पक्के, पण बायोडाटा इंग्रजीतच हवा! दत्ता चौतिशीचा शेतकरी, सगळीकडून नकार आलेला. शेठ म्हणाले, "मॅडम, लिहा, फॅमिली वेल ऑफ. म्हणजे खाऊनपिऊन सुखी. वजन पडतं!"

मी टाईप केलं. माझाही बायोडाटा त्याच कॉम्प्युटरात चार वर्षं धूळ खात होता, पण ते असो.

*

दुसऱ्याच दिवशी निमगाव सावाहून एका मुलीच्या वडिलांचा फोन. "मॅडम, पोरगी जड झाली न्हाई आमाला! विहीर बंद हाय आन् ते तुमी छापून देताय?"

मी चाटच पडले. वेल म्हणजे विहीर, ऑफ म्हणजे बंद. बागायतदार माणूस, दुसरं काय वाचणार?

"काका, विहिरीला भरपूर पाणी आहे हो!"

"मग मोटर जळली आसंल," म्हणाले आणि फोन ठेवला.

*

पेठची एक मावशी भाचीसाठी स्थळ बघत होती. ती थेट दत्ताच्या घरी पोचली. डोक्यावर पदर, डोळ्याला रुमाल! दत्ताची आई पाणी घेऊन आली, तर हिनं तिच्या गळ्यात पडून हंबरडाच फोडला.

"कोन ऑफ झालं वो?"

घरात सगळे ठणठणीत! पण आई एवढी हादरली, की तिनं आधी मळ्यात फोन लावून नवरा जिवंत आहे का ते विचारलं.

*

शेठ हे ऐकून हबकले. "ते वेलच काढा! कम्फर्टेबली ऑफ लिहा, अर्थ तोच."

लिहून पुन्हा सगळीकडे पाठवलं. संध्याकाळी त्याच मावशीचा फोन. "म्हंजी गेलं ते गेलंच ना? पन तरास न्हाई झाला, बरं झालं बाई!"

*

दत्ता स्वतः आला, तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाला, "मॅडम, लई झालं. आमच्या खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीपाशी मोबाईल ऑफ ठेवत्यात, त्ये समजतं. आता विहीर ऑफ, बाप ऑफ. माझं लगीनबी ऑफ करून टाका."

मला स्वतःचीच लाज वाटली. माझ्या दोन शब्दांपायी या माणसाचं लग्न अडलं होतं.

"थांबा," मी म्हणाले, "बायोडाट्यात विहिरीचा फोटोच टाकू. रविवारी मी येते."

विहीर काठोकाठ भरलेली. दत्ता म्हणाला, "दाबा हिरवं बटन." मी दाबलं आणि पाईपचं पाणी थेट माझ्या अंगावर! दत्ता इतका घाबरला, की टॉवेल आणायला पळाला तो चप्पल विसरूनच.

*

सोमवारी शेठनी विचारलं, "फोटो आणला? मग पाठवा ना दत्ताचा बायोडाटा निमगावला!"

"शेठ, तो डिलीट केला. दोन बायोडाटे डिलीट केलेत."

शेठ खुर्चीतून उठलेच. "दोन? दुसरा कुणाचा?"

"विहीर चालू आहे, शेठ! मी स्वतः बघून आले."