आपल्यात कसला कागद

भूषण झाशीजवळच्या बिजौलीच्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढतो. डोकं तल्लख, पण व्यवहाराच्या नावाने पूज्य. वडील नारायणराव रेल्वेतून निवृत्त झाले आणि काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली, तेव्हा त्याने आणि मावसभाऊ नीरजने मिळून एक प्रोग्राम लिहिला. कागद कॅमेऱ्यासमोर धरला की तो मराठी असो, हिंदी असो, मोठ्याने वाचून दाखवी. अक्षरं ओळखायचा भाग भूषणचा, बोलायचा नीरजचा. दोघांनी तो इंटरनेटवर उघडा ठेवला.

नीरज तेव्हाच म्हणाला होता, "दादा, लायसन्स कौनसा लगाएं? दोघांच्या सहीने एक टाकू या."

भूषण हसला. "अरे, घरची माणसं आपण. आपल्यात कसला कागद?"

झाशीतल्या आमच्या मराठी घरांत हे बाळकडूच मिळतं. भावाकडून लिहून घेणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. यात शहाणपण काही नाही, नुसती सवय.

गेल्या वर्षी नीरज गेला. मोटारसायकल, हायवे, आणखी काय सांगायचं.

यंदा विदर्भातल्या अंध मुलींच्या एका शाळेचं पत्र आलं. मुलींना पुस्तकं वाचायला प्रोग्राम हवा होता, पण परवान्याशिवाय काही वापरायचं नाही असा शाळेचा नियम. नुसतं उघडं ठेवलं म्हणजे दिलं असं होत नाही, सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात, हे भूषणला तेव्हा कळलं. आठवडाभर परवाने वाचून त्याने एक निवडला: वापरा, बदला, पण पुढे द्याल तेव्हा असंच मोकळं द्या. सही मात्र त्याला आपल्या अर्ध्यापुरतीच करता येत होती. नीरजचं लग्न झालं नव्हतं, तेव्हा त्याचा अर्धा आता त्याच्या आईचा.

ती, यमुनामावशी, लक्ष्मी गेट मोहल्ल्यात एका खोलीत राहते. नवरा गेला तेव्हा दिरांनी 'नुसती सही कर' म्हणत तिचा घराचा वाटा लिहून घेतला होता. तिच्यापुढे कागद ठेवताना भूषणला स्वतःचीच लाज वाटली.

"यात काय लिहिलंय, बेटा?"

"नीरजचं काम कोणीही वापरावं, असं."

"म्हणजे माझं काही राहणार नाही."

"राहील, मावशी. नाव त्याचंच राहील."

"तेव्हाही सगळे असंच म्हणाले होते." तिने कागद परत केला. "तुझं तू दे ना, भैया. माझ्या लेकाचं राहू दे."

तिला चूक तरी कसं म्हणायचं? भूषण आणखी दोनदा गेला. तिने चहा केला, खाऊ दिला, कागदाकडे पाहिलंही नाही. नीरजने स्वतःहून पुढे केलेली सही आपण हसण्यावारी नेली, हे त्याला आतून खात होतं. बोलायचा भाग तो नव्याने लिहायला बसला. चार महिने गेले, पण आवाज धड निघेना. तयार आवाज आणून जोडला, तर तो मराठीचा चेंदामेंदा करी.

शाळेने दिलेली मुदत संपत आली. भूषणने आपला अर्धा परवान्यासह पाठवला आणि खरं काय ते लिहून टाकलं.

आठवड्याने मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. "अक्षरं अगदी बिनचूक उमटतात हो पडद्यावर. पण आमच्या मुलींना पडदा दिसत नाही."

"हो जी," भूषण म्हणाला.